शोकेसमधला लॅपटॉप

दसरा झाला की सराफांची गर्दी ओसरते आणि माझी सुरू होते. खंडेनवमीला लोक घरातल्या कात्र्या, पाने, मोटारसायकली पूजेला मांडतात आणि त्याच रांगेत लॅपटॉपही ठेवतात. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि त्या फुलानंच शिंपडलेलं थोडं पाणी. मोटारसायकलला त्याचं काही वाटत नाही, लॅपटॉपला वाटतं. मग एकादशीपासून माझ्या टेबलावर मळवट भरलेली मशिनं ओळीनं येऊन बसतात. एका वकीलसाहेबांनी तर नारळ लॅपटॉपच्या शेजारीच फोडला होता आणि वर मला सांगत होते की पाणी गोड होतं, खारं नव्हतं. मी दरवर्षी गिऱ्हाइकांना सांगते, पूजा चार्जरची करा, पुण्य तेवढंच लागतं. कुणी ऐकत नाही. सगळ्यांनी ऐकलं तर माझी दिवाळी कशी व्हायची, हाही प्रश्नच आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं हे दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि दुकान टाकलं तेव्हा या धंद्यात गावात बहुधा एकटीच बाई. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागच्या पडद्याकडे बघायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठं गेला ओ?" पहिली काही वर्षं मला राग यायचा. मग मी सांगायला लागले की कारागीर जेवायला गेलाय, तोवर मशीन ठेवून जा. संध्याकाळी दुरुस्त झालेलं मशीन घेताना काही जण त्या कारागिराला चहाला पैसे ठेवून जायचे. ते मी घेतले, आणि चहाही प्यायले.

धंदा तसा सोपा आहे. आधी ऐकायचं, मग हुंगायचं, आणि त्यानंतर उघडायचं. पंखा कण्हतो की किंचाळतो, जळका वास येतोय की नुसता तापलेल्या धुळीचा, यावरून अर्धा रोग कळतो. आमच्या गावाचा खास रोग म्हणजे कापसाची तूस. यंत्रमागाच्या कारखान्यातला लॅपटॉप उघडला की पंख्यात बोटभर जाड गादी निघते, आणि तिच्या रंगावरून मालकाकडे सध्या कुठल्या रंगाचे टॉवेल चालू आहेत ते मी सांगू शकते. एकदा एका तेलुगू कारखानदारांना म्हटलं, यंदा लाल रंगाची ऑर्डर मोठी दिसतेय. ते दचकले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या फाइली वाचल्या.

माझ्या मागच्या खोलीत एक कपाट आहे, त्याला घरचे लोक माझं संग्रहालय म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. त्यात हातात उचलून नेण्याजोगे जुने कॉम्प्युटर आहेत. सगळ्यात थोरला आहे तो साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअरांचा. त्यांच्या मेव्हण्यांनी परदेशातून येताना त्यांना भेट म्हणून आणलेला. वर मूठ, उचलला की खांदा एका बाजूला उतरावा एवढं वजन. झाकण काढलं की ते झाकणच कीबोर्ड, आणि आत हिरव्या अक्षरांचा इवलासा पडदा. तो रिक्षातून उतरवला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "पेटी शिकायला लागलीस का ग?" चालू केला की तो आधी घसा खाकरायचा, मग फ्लॉपीची खरखर, मग एक बारीक शिटी, आणि शेवटी एकटाच ठिपका लुकलुकत उभा राहायचा. पुढचं काय ते तुम्ही सांगा, असं म्हणत. मला ती वाट बघायला आवडायची. त्याच कपाटात अंगठ्यानं गोळा फिरवून बाण हलवायचा लॅपटॉप आहे, विटेएवढी बॅटरी असलेला एक आहे. त्यांतला एकेक स्क्रू मी काढला आणि लावला आहे. आताची मशिनं चपटी आणि देखणी, पण आतून डिंकानं चिकटवलेली. एक भाग गेला की कंपनी म्हणते नवं घ्या. उघडू न देणाऱ्या मशीनवर माझा जीव बसत नाही, काय करणार.

आणि भेट म्हणून आलेला लॅपटॉप मला दारातच ओळखू येतो. स्वतः घेतलेला लॅपटॉप लोक काखेत मारून आणतात. भेटीचा दोन्ही हातांवर येतो, आणि काय बिघडलंय ते सांगायच्या आधी कुणी दिला ते सांगितलं जातं. भाऊबीजेचा, रिटायर झाल्यावर शाळेनं दिलेला, दहावीच्या टक्क्यांचा, मामाचा. असा लॅपटॉप "आता यात दम नाही" असं सांगून परत देता येत नाही. मी प्रयत्न केला आहे. लोक तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन येतात.

अशाच एका लॅपटॉपची गोष्ट सांगायला मी लिहायला बसले आहे. तो विकला मीच होता.

अक्कलकोटचे मल्लिनाथअप्पा. मठाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान. मुलगी अश्विनी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि लग्न ठरलं होतं आमच्याच पेठेतल्या घरात. व्याही फ्रिज घ्या म्हणत होते. अप्पा म्हणत होते, "फ्रिजमध्ये ती काय करणार ओ अक्का? दूधच ठेवणार की." त्यांना लॅपटॉप द्यायचा होता. मी एक सुटसुटीत दाखवला. त्यांनी तो भाजीच्या जुडीसारखा हातावर तोलला आणि खाली ठेवला. रुखवताच्या टेबलावर चिवड्याच्या आणि लाडवांच्या ताटांमध्ये तो दिसणारच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी समजावलं की हलका बरा, नेता-आणता येतो.

"ती कुठं नेणार ओ?" अप्पा म्हणाले. "घरात बसून काम करंल. तिला कामासाठी कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून तर देतोय की मी."

शेवटी घाऊक व्यापाऱ्याच्या यादीतला सगळ्यात मोठा लॅपटॉप मी मागवून दिला. जेवणाच्या ताटापेक्षा मोठा. मशीन चालू केलं की आधी स्वामी दिसले पाहिजेत, ही त्यांची शेवटची अट. मी स्वामींचा फोटो पडद्यावर लावला, अप्पांनी दुकानातच हात जोडले आणि मशीन अक्कलकोटला गेलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. एका दसऱ्यानंतर, मळवटवाल्यांच्या गर्दीत, एक सासू आणि सून दुकानात आल्या. सासूच्या दोन्ही हातांवर कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या सुमनबाई, आमच्याच पेठेतल्या. कुणी दिला हे त्या सांगायला लागल्या, पण टॉवेल उलगडल्यावर मला सांगायची गरज राहिली नाही. एवढं मोठं मशीन मी दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं. पडद्यावरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक.

सुमनबाई कौतुकानं म्हणाल्या की बघा, एक ओरखडा नाही. शोकेसमध्ये ठेवलाय, काचेला कुलूप आहे, नातवाला हातसुद्धा लावू देत नाही. दसऱ्याला तेवढा बाहेर काढायचा, पूजा करायची, परत ठेवायचा. आता सुनेला शनिवारी परीक्षा द्यायची आहे, म्हणून काल काढला, तर चालूच होईना.

परीक्षा नोकरीची होती. घरपोच सामान विकणाऱ्या एका कंपनीला, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मराठीत आणि कन्नडमध्ये उत्तरं लिहिणारी माणसं हवी होती. काम घरी बसून, पण कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि परीक्षाही त्याच्यावरच. मराठी-कन्नड दोन्ही लिहिणारं माणूस म्हणजे जणू कर्नाटकच्या सीमेलगतच्या अक्कलकोटची मुलगीच त्यांना हवी होती. अश्विनीचा नवरा टॉवेलच्या दुकानात कामाला. लॅपटॉप घरात आहेच तर बघ करून, एवढी परवानगी घरातून मिळालेली. नव्या मशीनचा विषय काढला असता तर नोकरीचा विषयच संपला असता, हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती नुसती माझ्या हातांकडे बघत होती.

मी चार्जर लावला. दिवा लागला नाही. मागचं झाकण उघडलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही, हसू आलं. कीबोर्डखाली तांदळाचे दाणे, हवेच्या जाळीत सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, आणि चार्जरच्या भोकात कुंकू आणि पाणी मिळून घट्ट बसलेला लगदा. त्याच्यामागे बोर्डावर हिरवा गंज. रोज वापरातलं मशीन तापतं, त्यात ओल शिरली तरी वाळून जाते. हे कधी तापलंच नव्हतं. दर दसऱ्याला थोडं पाणी पीत ते शोकेसमध्ये थंड पडून राहिलं होतं. बॅटरीही न वापरल्यानं मेली होती.

मी हे सगळं होईल तेवढं हळू सांगितलं, पण सुमनबाईंना कळायचं ते कळलं.

"म्हंजे मीच मारला म्हणा की," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मी म्हटलं, अहो, निम्म्या गावाची मशिनं असली असतात. त्यांनी ऐकलं नाही. त्या सुनेकडे वळल्या, आणि इतका वेळ गप्प असलेली अश्विनी बोलली.

"आई, मला तो रोज वापरायचा होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढं जपत होता. कसं बोलू?"

सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी जे सांगितलं ते सुनेलाही नवीन होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरहून शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. त्यावर घरातल्या चादरींच्या कडा शिवल्या, नणंदांचे परकर शिवले, शेजारपाजारच्यांनी नेलं, आणलं, पोरांनी पायडल मोडलं. वर्षाच्या आत ते मशीन भंगारात गेलं. त्यांच्या वडिलांना त्या कधी सांगू शकल्या नाहीत.

"माज्या बापानं दिल्येलं मोडलं," त्या म्हणाल्या, "तवाच ठरीवलं हुतं, सून आली की तिच्या बापाचं काय मोडू द्यायचं न्हाई."

अश्विनीनं त्यांचा हात धरला. माझ्या डोळ्यांत पाणी येण्यासारखं झालं, आणि हातात तर स्क्रू ड्रायव्हर होता. मी मान खाली घालून तांदूळ वेचत बसले. एवढी वर्षं धंदा केला, पण जपून ठेवलेल्या वस्तूचा इतका राग आणि इतकी माया मला एकदम कधी आली नव्हती.

मशीन वाचवायचं तर शनिवारच्या आत वाचवायचं होतं. मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन बोर्ड घासला, गंज काढला. चार्जरचं भोक मात्र गेलं होतं आणि या मॉडेलचा भाग आता कुठंच मिळेना. मग संग्रहालयाकडे वळले. त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला एक लॅपटॉप तिथं होता. एका गृहस्थांनी तो दुरुस्तीला टाकला आणि पुन्हा फिरकलेच नाहीत, दुकानातून गावभर फोन केले तरी नाहीत. त्याच्या पोटातलं भोक याच्या पोटात बसलं. घरच्यांना मी मुद्दाम सांगितलं की बघा, कपाट कशाला ठेवलंय. बॅटरी पुण्याहून मागवली, पण ती वेळेत पोचण्याची लक्षणं दिसेनात. विजेवर चालवायचं ठरलं.

चालू केल्यावर पहिल्यांदा स्वामी आले. सुमनबाईंनी हात जोडले. मी इंटरनेट जोडलं आणि पुढचं संकट उभं राहिलं. इतकी वर्षं झोपलेलं मशीन जागं झालं की कंपनीला त्याची आठवण येते, आणि मधल्या सगळ्या वर्षांच्या सुधारणा ती एकदम पाठवायला लागते. पडद्यावर गोल फिरत राहिलं. जेवून आले तरी फिरतंय, दुपारचा चहा झाला तरी फिरतंय. सुमनबाई मधूनमधून येऊन विचारत, "उठलं का?" शेवटी मी सगळं थांबवलं, जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान घातली आणि कोरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. स्वामींचा फोटो आधी बाजूला काढून ठेवला आणि तो परत जागेवर लावला. तो राहिला असता तर मला अक्कलकोटला तोंड दाखवता आलं नसतं.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. वीज गेली तर मशीन क्षणात बंद पडणार, म्हणून दुकानातला यूपीएस रिक्षात घालून नेला. शोकेसची काच उघडी होती, आत लॅपटॉपच्या आकाराची रिकामी जागा आणि तिच्याभोवती देवदेवता आणि प्लास्टिकची फुलं. अश्विनी जेवणाच्या टेबलाशी बसली. सुमनबाई प्लगच्या बटणापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मिक्सर लावू नका म्हणून निरोप गेला होता, नातवाला आत्याकडे पाठवला होता, आणि कुकर त्या दिवशी चढलाच नव्हता.

अर्धी परीक्षा झाली असेल नसेल, वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. अश्विनीचे हात थांबले. सुमनबाईंनी चटकन उठून दिवाणावरची उशी आणली, त्या ओरडणाऱ्या डब्यावर दाबून धरली आणि सुनेला खुणेनं सांगितलं, चालू दे. उशीखालून बारीक आवाज येत होता आणि वर अश्विनीची बोटं पुन्हा चालू लागली होती, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. माझ्या जुन्या यूपीएसच्या बॅटरीवर माझा फारसा विश्वास नव्हता, ते मी कुणाला सांगितलं नाही. वीज आली तरी सुमनबाईंनी उशी सोडली नाही, कारण परीक्षा अजून चालूच होती.

नोकरी मिळाली. मल्लिनाथअप्पा एकदा सोलापूरला आले तेव्हा नारळ आणि पेढे घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी एवढंच विचारलं, "चालतोय न्हवं अक्का?" मी म्हटलं, "चालतोय कसला, पळतोय." शोकेसचं आम्ही तिघींनी त्यांना सांगितलेलं नाही. ही गोष्ट ज्या अंकात छापली जाईल तो अक्कलकोटला जातो की नाही, मला माहीत नाही. गेला तर अप्पा, रागावू नका, सगळं चांगलं झालंय.

अलीकडेच, दिवाळीच्या लगबगीत, सुमनबाई दुकानात आल्या. लॅपटॉप यावेळी काखेत होता. नातवानं चहा सांडला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच सांगितलं की आजच पाहिजे, कामं तुंबलीत. मी म्हटलं, वाळायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "मग तोवर दुसरा द्या. सूनबाई कामावर बसलीय घरी, तिची गिऱ्हाइकं खोळंबलीत."

मी झाकण उघडलं. प्लास्टिक कधीच गेलं होतं. कडेला हळदीच्या बोटांचा डाग, एका कोपऱ्यात नातवाचं वाघाचं स्टिकर, आणि कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली. काही बटणं तर बोटं लागून लागून गुळगुळीत चकचकीत झाली होती. बंद पडलेली कितीतरी मशिनं मी उघडली आहेत, पण झिजलेलं मशीन बघून इतका आनंद मला कधी झाला नाही. मी म्हटलं, सुमनबाई, उघडतेच आहे तर कीबोर्ड नवा घालून देते, माझ्याकडून.

त्यांनी मशीन चक्क स्वतःकडे ओढलं.

"त्याला हात लावू नका, ताई," त्या म्हणाल्या. "ती अक्षरं आमच्या अश्विनीच्या बोटांनी गेलीत. आल्या-गेल्याला मी दाखवते ती."

मी नुसता चहा पुसला आणि मशीन वाळत ठेवलं.